हरल्यावर मूल म्हणतं "मला जमतच नाही", तेव्हा नेमकं काय करायचं?

मृण्मयी_र

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. लेक पाचवीत आहे, दुसरीत असल्यापासून बुद्धिबळ खेळते आणि आवडीने खेळते. गेल्या महिन्यात ११ वर्षांखालच्या गटाच्या स्पर्धेत तिचा एक डाव जिंकल्यात जमा होता. समोरच्या मुलाकडे नुसता राजा, हिच्याकडे राजा आणि वजीर. तिथे तिने स्टेलमेट दिलं, म्हणजे समोरच्या राजाला शह नाही पण चालायला एकही घर नाही. डाव बरोबरीत सुटला आणि अर्धा गुण हातचा गेला. पुढचे दोन्ही डाव ती दहा-दहा मिनिटांत हरून बाहेर आली.

तेव्हापासून पट कपाटावर आहे. "मला बुद्धिबळ येतच नाही, मी ढ आहे" हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर येतं. ती चॅम्पियन व्हावी असं आमच्या मनात कधीच नव्हतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आता भागाकाराचं उदाहरण अडलं की तेच वाक्य, पेटीवर बोट चुकलं की तेच वाक्य. एका हरण्यातून ते सगळीकडे पसरत चाललंय.

नवरा म्हणतो, एवढा त्रास होतोय तर बंद करू. सासूबाई म्हणतात, पोरांना हरायची सवय लागलीच पाहिजे, उद्यापासून बसव परत. मला दोन्ही पटत नाही. ज्यांनी मुलांना यातून जाताना जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. हरून आल्यावर पहिले काही तास काय बोलायचं, काय बोलायचं नाही? पुन्हा सुरू कसं करायचं? आणि "सोड बाई" असं कधी म्हणायचं?

शमिका

वाचतेय. आमच्याकडे हेच स्केटिंगच्या बाबतीत चालू आहे.

पटावरचा_पंच

मृण्मयीताई, मी जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा असतो. लहान गटांच्या फेऱ्या संपताना दाराशी काय चालतं ते नेहमी पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पालकांना हॉलमध्ये येऊ देत नाहीत. मूल बाहेर आलं की दारातच पहिला प्रश्न येतो, "काय झालं? जिंकलास?" हरलेलं मूल हा प्रश्न टाळण्यासाठी काय काय करतं ते पाहून पोटात तुटतं. कुणी डाव संपल्यावरही उगाच हॉलमध्ये रेंगाळतं, कुणी बाथरूममध्ये जाऊन बसतं. एकदा एक मुलगा माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, निकाल तुम्हीच सांगा ना बाबांना." डाव हरल्याचं दुःख त्याला होतंच. त्याहून मोठं ओझं होतं ते घरच्यांचा चेहरा उतरलेला बघण्याचं.

म्हणून पहिले काही तास काय बोलायचं याचं माझं उत्तर साधं आहे. निकाल विचारू नका, तो ती स्वतः सांगेल. पाणी द्या, खायला द्या, हॉलच्या बाहेर मोकळ्या हवेत चालवून आणा. रडत असेल तर रडू द्या. "एवढं काय त्यात" म्हणू नका, तिच्यासाठी त्यात बरंच काही आहे. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये मोबाइलवर डाव टाकून इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामला, विचारू नका. इंजिन एका सेकंदात सांगतं की सतराव्या खेळीला जिंकत होतीस. मूल पुढच्या फेरीला जाऊन बसतं ते ती सतरावी खेळी डोक्यात घेऊनच. तुमच्या लेकीचे पुढचे दोन डाव दहा-दहा मिनिटांत संपले ते कमी येत होतं म्हणून नव्हे. ती अजून आधीच्याच डावात होती.

दुसरी गोष्ट, तिला स्विस लीग, म्हणजे या स्पर्धांची जोड्या लावायची पद्धत, समजावून सांगा. बऱ्याच मुलांना ती कुणी सांगितलेलीच नसते. या पद्धतीत हरलं की बाद होत नाही. पुढच्या फेरीत साधारण आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. म्हणजे आपण हरलो असू तर समोर बसलेलाही बहुधा कुठेतरी हरून आलेला असतो. तुमच्याच नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीचं उदाहरण आहे. २०२३ साली आयल ऑफ मॅनला झालेल्या फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) ग्रँड स्विसमध्ये तो पहिलीच फेरी हरला. उरलेल्या दहा फेऱ्यांत त्याने साडेआठ गुण केले, ११ पैकी साडेआठ गुणांनी स्पर्धा जिंकली आणि त्या जोरावर टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, पोहोचला. स्पर्धेची रचनाच अशी आहे की पहिल्या दिवशी हरलेल्याला परत यायला वाट असते. अर्थात पहिली फेरी हरून ग्रँड स्विस जिंकणं रोज घडत नाही, पण पहिली फेरी हरून नवापैकी सहा गुण करणारी मुलं मला प्रत्येक स्पर्धेत दिसतात.

एक सांगतो, हे उदाहरण हरलेल्या दिवशी देऊ नका. त्या दिवशी थोरांच्या गोष्टी ऐकल्या की मुलाला वाटतं, बघा, ते कुठे आणि मी कुठे. चार दिवसांनी सहज बोलता बोलता सांगा.

केदार_जोग

+१, विशेषतः शेवटच्या परिच्छेदाला.

अदिती_मानस

मी मुलांची समुपदेशक आहे. मृण्मयी, तू "मी ढ आहे" हे वाक्य नेमकं पकडलंस ते फार बरं केलंस. या वाक्यावर घरोघरी एकच उत्तर तयार असतं, "नाही गं सोन्या, तू तर किती हुशार आहेस!" हेतू प्रेमाचाच असतो. पण यातून मुलापर्यंत पोहोचतं ते हे की चर्चा हुशार की ढ याचीच चालली आहे. आज आई हुशार म्हणते, उद्या परत हरलं तर?

यावर क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांचं १९९८ सालचं संशोधन बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. पाचवीतल्याच मुलांना आकृत्यांची कोडी दिली होती. सोडवून झाल्यावर काहींना सांगितलं "तू हुशार आहेस", काहींना "तू चांगली मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. त्यानंतर "हुशार" ऐकलेली मुलं लवकर कंटाळली, पुन्हा सोप्या कोड्यांवरही त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी वाढवून सांगितले. हे शेवटचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. हुशारीचा शिक्का टिकवायचा तर अपयश लपवावं लागतं.

मग म्हणायचं काय? आधी नुसतं, "खूप वाईट वाटलं ना? जिंकलेला डाव गेला की वाटणारच." आणि थांबायचं. उपाय सुचवायची घाई करायची नाही. ती शांत झाल्यावर, त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, "तुला ढ वाटलं ते नेमकं कधी? कुठल्या खेळीला?" असं विचारून बघ. "मी ढ आहे" याचं "मला वजिराने मात करता आली नाही" असं झालं, की पुष्कळ काम झालं. पहिल्या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. दुसऱ्यावर रविवारी सकाळी बसून काम करता येतं.

सगळ्यांसाठी एक सूचना. नाउमेद होणं आणि आजारी पडणं यात फरक आहे. झोप उडाली, खाणं तुटलं, शाळेत जायलाच नको म्हणतं, आवडत्या माणसांपासूनही दूर राहतं आणि हे दोन-तीन आठवडे चालू राहिलं, किंवा "मी नसतेच तर बरं" अशा अर्थाचं काही एकदा जरी बोललं, तर इथे धागा काढत बसू नका, तज्ज्ञांकडे जा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

गणितवेडा

अदितीताईंच्या म्हणण्याला जोड देतो. मतभेद नाही, पण पालकांच्या ग्रुपवर "मेहनतीचं कौतुक करा" हा एकच मंत्र फिरतो त्यावर बोलायलाच हवं. २०१९ मध्ये चीनमधल्या शाळकरी मुलांवर हेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा तसे परिणाम सापडले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार मुलांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. "बुद्धी वाढवता येते" हे शिकवणाऱ्या छोट्याशा ऑनलाइन कार्यक्रमाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण वाढले, पण अगदी थोडे. म्हणजे शब्दांना किंमत आहे, पण नुसत्या शब्दांनी फार होत नाही.

मी शिकवण्या घेतो. अडलेल्या मुलाला "अजून मेहनत कर" सांगणं मला फार निष्ठुर वाटतं, जर ती कशी करायची हे त्याला कुणी दाखवलेलं नसेल. ते बिचारं त्याच चुकीच्या रीतीने वीस उदाहरणं जास्त करतं, वीसही चुकतात, आणि मग त्याची खात्रीच पटते की मेहनत करूनही मला येत नाही. चिकाटी येते ती "मी हे असं केलं आणि जमलं" या अनुभवातून. तो अनुभव छोटा असला तरी चालतो, खरा मात्र हवा.

म्हणून मृण्मयीताई, पूर्ण डाव खेळायला लावूच नका. तिचं जे मोडलं तेवढंच घ्या. राजा आणि वजीर विरुद्ध नुसता राजा. याची एक रीत आहे, बहुतेक प्रशिक्षक शिकवतात, पण घाईत तिचा अर्धाच भाग मुलांच्या लक्षात राहतो.

शह देत सुटायचं नाही. आपला वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या चालीच्या (दोन घरं सरळ, एक आडवं) अंतरावर ठेवायचा. राजा जिकडे सरकेल तिकडे वजिरानेही तसंच सरकायचं, म्हणजे अंतर तेच राहतं. असं करत राजा कडेला आणि मग कोपऱ्याकडे ढकलला जातो. आता कळीची जागा. राजा अगदी कोपऱ्याच्या घरात गेला आणि तरीही तुम्ही सवयीने वजीर घोड्याच्या अंतरावर नेलात, की लगेच स्टेलमेट. राजाला शह नाही आणि चालायला घरही नाही. म्हणून राजा कोपऱ्यात शिरला की वजीर हलवायचा नाही, जागेवर ठेवायचा. राजाला कोपरा आणि शेजारचं घर अशी दोन घरं पुढेमागे करायला मिळू द्यायची. तेवढ्यात आपला राजा पावलापावलाने जवळ आणायचा आणि मग वजिराने मात.

मला खात्रीने वाटतं, तुमच्या लेकीचं स्टेलमेट इथेच झालं असणार. तसं असेल तर तिला हे कळू द्या की तिने रीत बरोबरच पकडली होती, फक्त एक खेळी जास्त केली.

मृण्मयी_र

सगळ्यांचे खूप आभार. गणितवेडा, तिच्या स्कोअरशीटवरून, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेल्या कागदावरून, शेवटची स्थिती लावून पाहिली. काळा राजा एच ८ वर, म्हणजे कोपऱ्याच्या घरात, आणि हिचा वजीर घोड्याच्या अंतरावर, एफ ७ वर. अगदी तुम्ही म्हणता तेच. हे मी तिला कसं दाखवू? मी पट काढला की ती उठून जाते.

गणितवेडा

तुम्ही दाखवू नका. तिला शिकवायला सांगा. घरात कुणाला बुद्धिबळ येत नाही? त्यांना नुसत्या राजाच्या बाजूने बसवा, आणि त्यांचं काम एकच, स्टेलमेट करून घेणं. नुसत्या राजाने अर्धा गुण मिळवला की ते जिंकले. यात तिला स्टेलमेटची भीती न राहता ते समोरच्याचं हत्यार म्हणून दिसायला लागतं. डाव दोन-तीन मिनिटांचा असतो, हरली तरी लगेच दुसरा लावता येतो.

अण्णा_सांगलीकर

माझं वय आता सत्तरीच्या पुढे आहे, तेव्हा थोडं जुनं सांगतो. सांगलीत भाऊसाहेब पडसळगीकरांनी बुद्धिबळाची जी परंपरा उभी केली त्या वातावरणात आम्ही वाढलो. नावाजलेल्या बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे, म्हणजे आताच्या भाग्यश्री ठिपसे, याच गावच्या. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांना गावोगावची पोरं यायची.

तेव्हा डाव संपला की हरलेला आणि जिंकलेला दोघं मिळून तोच डाव परत लावत बसायचे. "इथे मी घोडा काढला असता तर?" "मग मी हत्ती आणला असता." भोवती चार-पाच जण उभे राहायचे, त्यात कुणीतरी मोठा खेळाडू असायचा, तोही एखादी चाल सुचवायचा. हरलेल्याला या बैठकीत मान असायचा, कारण त्याचीही चाल चांगली निघायची. कित्येकदा जिंकणारा म्हणायचा, "इथे मी मेलो होतो रे, तू पाहिलं नाहीस." हे समोरच्याच्या तोंडून ऐकलं की हरण्याचं विष निम्मं उतरतं. आई-बाप हेच वाक्य म्हणाले तर पोराला ते समजूत घालणं वाटतं.

आता पालक मुलाचा दंड धरून त्याला लगेच बाहेर नेतात. माझी सर्व आयोजकांना विनंती आहे, हॉलच्या बाहेर चार टेबलं आणि पट ठेवा. आणि ताई, तुमच्या मुलीला सांगा, डाव झाला की समोरच्याला विचारायचं, "परत लावूया का?" दहातले सात जण हो म्हणतील. त्यातून मित्रही मिळतात. माझे आजचे दोन जिवलग मित्र मला असेच मिळाले, दोघांकडूनही मी हरलो होतो.

पटावरचा_पंच

अण्णा, टेबलांचं अगदी मनावर घेतो. आमच्या पुढच्या स्पर्धेत नक्की ठेवू. एवढंच की ते हॉलपासून लांब हवं, चालू डावांना आवाज नको.

नेहा_ठाणे

थोडं वेगळं बोलते, राग मानू नये. सगळे तिला परत पटावर कसं आणायचं यावरच बोलतोय. मुलांनी सगळ्याच गोष्टींत चिकाटी दाखवली पाहिजे का? माझा मुलगा स्पर्धात्मक पोहण्यात होता. पहाटे पाचचा सराव, आठवड्याचे सहा दिवस. सहावीत त्याने सोडलं. आज तो तबला शिकतो आणि त्याच मुलाला मी एकेक कायदा, म्हणजे तबल्यातली ठरावीक बोलांची रचना, शंभरदा घोटताना बघते. कुणी मागे लागत नाही. पोहताना त्याच्यात चिकाटी नव्हती असं मी म्हणणार नाही. ती तिथे खर्च करावी असं त्याला वाटत नव्हतं.

दहा वर्षांच्या मुलीला एखादा खेळ नको झाला तर तो तिचा हक्क आहे.

अदिती_मानस

नेहा, राग कसला, हे बोलायलाच हवं होतं. हक्क आहेच. मी पालकांना फक्त एवढंच सांगते की सोडायचं की नाही हे हरलेल्या दिवशी ठरवायचं नाही. त्या दिवशी मूल खेळ सोडत नसतं, दुखण्यापासून पळत असतं, आणि पळून जाऊन बरं वाटलं की पुढच्या वेळी ते आणखी लवकर पळतं. मृण्मयीला भागाकारात आणि पेटीत जे दिसतंय ते हेच असू शकतं.

करायचं असं. "चालेल, सोडूया. पण या सत्राचे क्लास पूर्ण करू आणि दिवाळीनंतर तूच सांग." तारीख तिला ठरवू दे. तोपर्यंत स्पर्धा बंद, नुसतं खेळणं. मधल्या काळात एखाद-दुसरा बरा अनुभव आला आणि तरीही ती म्हणाली नको, तर आनंदाने सोडा. तेव्हा ती "मला येत नाही म्हणून" सोडत नसते, "मला दुसरं काही आवडतं म्हणून" सोडते. मुलाच्या मनात या दोन सोडण्यांचा हिशेब फार वेगवेगळा लागतो. तुझ्या मुलाने तबल्यासाठी पोहणं सोडलं तेव्हा तो हरून आला होता का?

नेहा_ठाणे

नाही. उलट त्या महिन्यात त्याला पदक होतं. म्हणूनच आम्हाला धक्का बसला होता. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, पटलं.

स्टुटगार्टकर

इथे जर्मनीत लेक गावच्या बुद्धिबळ क्लबात जातो. प्रौढांच्या लीगमध्ये आठ पटांचा संघ असतो, मुलांच्या लीगमध्ये बहुधा चारांचा. त्याने सुरुवातीला बरेच डाव घालवले, पण संघ अडीच-दीडने जिंकला की तोही सगळ्यांबरोबर नाचायचा. कधी उलटंही व्हायचं. हरणं-जिंकणं वाटून घ्यायची सोय एकट्याच्या स्पर्धेत नसते. आपल्याकडेही आंतरशालेय सांघिक स्पर्धा असतात, परत सुरू करायचं तर तिथून करून बघा.

शमिका

अदिती, एक प्रश्न. माझा धाकटा साडेचार वर्षांचा आहे. त्याला बूट घालता येत नाहीत म्हणून चिडून फेकून देतो. शाळेची व्हॅन खाली उभी असते, मग मीच घालते. इतक्या लहानपणी याचा काही संबंध असतो का?

अदिती_मानस

असतो. ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं २०२१ मध्ये याच वयाच्या मुलांवर संशोधन प्रसिद्ध झालं. मूल कोडं सोडवताना अडलं की मोठ्या माणसाने ते हातात घेऊन सोडवून टाकलं, तर पुढच्या कामात ते मूल लवकर हात टेकतं. याच गटाचं २०१७ चं काम तर दीड वर्षाच्या आतल्या बाळांवर होतं. मोठं माणूस एखादी गोष्ट धडपडत, पण शेवटी यशस्वीपणे करताना पाहिलेली बाळं स्वतःचं खेळणं चालू करायला जास्त वेळ खटपट करत राहिली.

तेव्हा बुटांची सुरुवात व्हॅनच्या वेळी नको, रविवारी कर. आणि सगळा बूट त्याच्यावर सोडू नकोस. पाय तू आत घाल, मागचा पट्टा ओढून चिकटवायचं शेवटचं काम त्याचं. ते जमलं की एक पायरी मागे ये. शेवट त्याच्या हातून झाला पाहिजे. सकाळी घाईत तू घातलेस तर त्याचं अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस.

मृण्मयी_र

थोडं सांगते. गणितवेडांनी सांगितलं तसं सासूबाईंना राजाच्या बाजूने बसवलं. त्यांना सोंगट्यांची नावंही येत नव्हती, त्यामुळे आधी लेकीलाच त्यांना शिकवावं लागलं. पहिल्याच दिवशी आजीने एक स्टेलमेट मिळवलं आणि अख्ख्या सोसायटीला सांगितलं. लेक वैतागली, पण पट आवरला नाही, परत लावला. आता राजा कोपऱ्याकडे गेला की ती हात पाठीमागे घेऊन बसते आणि मोठ्याने म्हणते, "राजाला घर उरलंय का?" स्पर्धेचं नाव अजून काढत नाही, आणि आम्हीही काढत नाही.

भागाकाराचं मात्र अजून तसंच आहे.

गणितवेडा

भागाकारात नेमकं कुठे अडतं ते बघा. पाचवीत बहुतेक वेळा भागाकार अडत नाही, पाढे अडतात किंवा मधली वजाबाकी चुकते. मूल मात्र म्हणतं "मला भागाकार येत नाही". तिची चुकलेली पाच उदाहरणं समोर ठेवा आणि प्रत्येकात पहिली चूक कुठल्या पायरीला झाली तिथे पेन्सिलने टिंब करायला तिलाच सांगा. चारला तरी एकाच जागी टिंब येईल. भागाकारात शून्य लिहायचं राहतं का, तेही बघा. फार मुलांचं तिथेच जातं.

गुरुजी_आष्टी

हा धागा सुरुवातीपासून वाचतो आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडची नाउमेद वेगळी आहे, ती इथे मांडावीशी वाटली.

दिवाळीच्या आसपास शाळेतल्या मुलांची संख्या निम्म्यावर येते. आई-बाप ऊसतोडीला जातात, ज्यांना गावात ठेवायला कुणी नाही ती पोरं त्यांच्याबरोबर फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, जातात. काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते, सगळ्यांची होत नाही. मार्च-एप्रिलला परत आली की वर्ग बराच पुढे गेलेला असतो. ऑक्टोबरात धडाधड वाचणारी पोरगी एप्रिलमध्ये अडखळते, शेजारचं हसतं, आणि ती पुस्तक मिटवते. दोन-तीन वर्षं असं झालं की मग ती येतच नाही. या पोरांना चिकाटी शिकवायची म्हणजे काय? पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायला मदत करणाऱ्या पोरीला मी कुठल्या तोंडाने म्हणू की तुझ्यात चिकाटी कमी आहे?

मला असं वाटतं की पोराने टिकावं यासाठी आधी त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. हवाईमधल्या कवाई बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या मुलांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला होता. गरिबी, भांडणं, आजारपण अशा घरांतली साधारण तिसरा हिस्सा मुलं तरीही चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात जे सारखं सापडलं त्यात एक गोष्ट होती, निदान एक मोठं माणूस जे त्यांना सोडत नाही. आजी, मावशी, शेजारी, कधी शिक्षक.

म्हणून आम्ही करतो ते एवढंच. पोर फडावर जाताना तिचं पुस्तक कुठल्या पानावर आहे ते लिहून ठेवतो, आणि आल्यावर त्याच पानापासून सुरू करतो, वर्ग कुठेही असो. मधे बापाच्या मोबाइलवर फोन करून पोरीला एक परिच्छेद वाचायला लावतो. रेंज असेल तेव्हा. ती फोनवर वाचते तेव्हा फडावरची आणखी दोन पोरं कान देऊन बसतात, हे मला तिच्या बापाने सांगितलं. गेल्या वर्षी परत आलेल्या पोरींपैकी एक आता पहिलीतल्या पोरांना अक्षरं शिकवते, तेही मुद्दाम दिलेलं काम आहे. शिकवणाऱ्या पोरीला कुणी हसत नाही.

केदार_जोग

गुरुजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शाळेसाठी काही पाठवता येईल का? आम्ही चार-पाच जण मिळून करू.

अण्णा_सांगलीकर

माझंही नाव त्यात धरा. बुद्धिबळाचे पट चालतील का?

गुरुजी_आष्टी

चालतील की. एक विनंती, लाकडी नकोत, रेक्झिनचे गुंडाळता येणारे पट द्या. पोरं ते बोचक्यात घालून फडावर नेऊ शकतात, आणि सोंगट्या हरवल्या तर खडे ठेवून भागतं. त्याहून जास्त गरज मोठ्या अक्षरांच्या गोष्टींच्या पुस्तकांची आहे, पहिली ते तिसरीच्या वाचनाची, पातळ आणि पिना पक्क्या असलेली. दिवाळीच्या आधी मिळाली तर बरं, जाताना प्रत्येकाच्या हातात एक देता येईल. पत्ता तुम्हाला निरोपातून कळवतो.

आणि पंचसाहेब, पोरांना समजतील असे बुद्धिबळाचे नियम मराठीत एका पानावर लिहून द्याल का? स्टेलमेटचं चित्र काढून द्या त्यात, मलाही ते आजच कळलं.